अमेरिकेतल्या लग्नाच्या कायद्याचा तो फॉरवर्ड

परत फिरायला लागलाय तो. म्हणे बायडननी कायदा करून सगळ्या राज्यांना समलिंगी लग्नं लावायला भाग पाडलं, आता चर्चलाही लावावी लागणार, उद्या चार-चार बायका चालतील, आणि गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाचं नाव त्यात नुसतं दाखवायला घातलंय.

पहिलंच घ्या. 13 डिसेंबर 2022 ला सही झालेला हा कायदा कुठल्याच राज्याला लग्नाचं लायसन्स द्या असं सांगत नाही. ते बंधन समलिंगी लग्नाचा हक्क देशभर देणाऱ्या 2015 च्या ओबरगफेल निकालाचं, म्हणजे सुप्रीम कोर्टाचं. कायदा एवढंच म्हणतो की लग्न जिथं झालं तिथं वैध असेल तर दुसऱ्या राज्याने वंश किंवा लिंग बघून ते नाकारायचं नाही आणि केंद्रानेही टॅक्स, सोशल सिक्युरिटी वगैरेसाठी ते धरायचं. उद्या कोर्टाने ओबरगफेल फिरवला तर टेक्सास लायसन्स देणं बंद करू शकेल, त्यांच्या राज्यघटनेत 2005 ची बंदी अजून तशीच पडून आहे, पण न्यू मेक्सिकोत लग्न करून घरी परत आलेल्या दोघींना तुमचं लग्न आम्ही मानत नाही असं म्हणता येणार नाही. बोंब मारायचीच तर कायदा तोकडा आहे म्हणून मारा ना, लादला कसला! आणि कोर्ट फिरवेल ही भीती हवेतली नाही, जून 2022 मध्ये गर्भपाताचा हक्क गेला तेव्हाच त्याच कोर्टाच्या जस्टिस थॉमसनी ओबरगफेलचाही फेरविचार करा असं लिहून ठेवलंय.

चर्चचं तर उलटंच आहे. धार्मिक संस्थांना लग्नसोहळ्यासाठी सेवा किंवा जागा देण्याची सक्ती नाही असं कलमच आहे, सिनेटमध्ये रिपब्लिकन मतं मिळावीत म्हणून घातलेलं, आणि मिळाली 12. चार बायकांचं म्हणाल तर दोनपेक्षा जास्त जणांच्या लग्नाला मान्यता नाही हेही त्यात लिहिलंय, पण वाचतंय कोण.

राहिलं ते 'दाखवायला'. 1958 चा जुलै, व्हर्जिनिया, रात्री दोनचा सुमार. रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड काळी, दोघं झोपलेले, शेरीफ टॉर्च घेऊन थेट बेडरूममध्ये. भिंतीवर वॉशिंग्टनला केलेल्या लग्नाचा दाखला टांगलेला, तो दाखवला तर शेरीफ म्हणे, हा इथं चालत नाही. शिक्षा एक वर्ष, 25 वर्षं राज्याबाहेर राहायचं कबूल केलं तर माफ. नेमकं हेच, एका राज्याचा दाखला दुसऱ्यात न चालणं, 2022 च्या कायद्याने बंद केलंय, मग ते नाव शोभेचं कसं?

सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरच्या बंद्या रद्द केल्या तरी अलाबामाच्या घटनेतलं ते कलम निघालं 2000 साली, आणि तेव्हाही सुमारे 40 टक्के लोकांनी ते राहू द्या म्हणून मत दिलं. वायटूकेच्या लाटेत आपली पोरं तिकडं पोचली होती तेव्हाची गोष्ट आहे ही.