बाजारवाली कुणीकडे वळली?

रोमचा सुभेदार होणं सोपं आहे. सुभ्याला जेवू घालणं महाकठीण.

'सीझर ३' हा 1998 सालचा गेम. रात्री जेवणं आटोपली की मी त्यात शहर वसवत बसतो. आग लागते, शत्रू चालून येतो, देव रुसतात. ते सगळं निभतं. गहू तेवढा निभत नाही.

तशी व्यवस्था चोख आहे. शेतावरचा गाडीवाला माल कोठारात टाकतो. एका कोठारात 2400 मापं मावतात. बाजारातली एक बाई तिथून धान्य आणते, मागे टोपल्या घेतलेली पोरं. दुसरी बाई ते घरोघरी वाटते. घोडं अडतं ते या दुसरीपाशी. चौक आला की तिच्या मनाला येईल तिकडे ती वळते. डावीकडे अख्खी वस्ती उपाशी, उजवीकडे नुसती मातीची खाण. बाई डौलात खाणीकडे! मी स्क्रीनवर बोट ठेवून ओरडतो, "अवो मावशी, इकडे!" तोवर पक्क्या घरांची खोपटं होतात, खोपटांचे तंबू, आणि तंबूवाले गाव सोडतात. शेताला 10 माणसं लागतात, कोठाराला 6, बाजाराला 5. माणसंच पळाली, मग पिकवता कोण अन् वाटता कोण?

त्यात गोदामाचं त्रांगडं. कोठार भरलं की गाडीवाला उरलेला गहू गोदामात नेऊन टाकतो. बाजारवाली गोदामातून मडकी उचलेल, तेल उचलेल, पण गव्हाला शिवणार नाही. मग कोठाराला वेगळा हुकूम सोडा, की बाबा, तो गहू आणून घे.

"घरात सांबार नाही, उद्या वडी कशाची करू?" आतून बायको. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) "अन् तुम्ही तिकडे कोणाले जेवू घालून राहिले?"

शेवटी शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांची हयात नागपूरच्या कळमना मार्केटात अडतीवर गेली. संत्र्याचा आंबिया अन् मृग दोन्ही बहार त्यांनी अंगावर घेतलेले. खुर्ची ओढून ते बराच वेळ नुसते बघत बसले.

"गोदामातून कोठारात पुन्हा गाडी? हमाली कोण देते बे?"

"हमाली नसते काका यात."

"मंग बरोबर. फुकटची गाडी कितीकही फिरते." बोट चौकावर. "अन् हा चौक कायले ठेवला? उडव. वस्तीभोवती गोल रस्ता टाक. रिंग रोड. जाईन कुठं मंग ते बाई?"

चौक उडवला. बाई निमूट गोल फिरू लागली, तंबूंची खोपटं झाली, खोपटांची घरं. मला वाटलं आता काका उठतील. पण त्यांची नजर कोपऱ्यातल्या बंगल्यांवर गेली होती.

"हे कोण?"

"श्रीमंत लोक. यांना एका जातीचं धान्य चालत नाही, दोन-तीन प्रकार लागतात. वर दारू."

"काम काय करते?"

"काही नाही. बंगला झाला की काम सोडतात."

"मंग पोसून कायले राहिला?"

"टॅक्स देतात ना काका. तिजोरी त्यांच्यावरच चालते."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बंगलेवाले टॅक्स देते? सगळा?"

"सगळा."

"बंद कर बे," काका उठले. "खोटा गेम आहे."