सुजलेली किडनी आणि भावकीचा ग्रुप

खानापूरच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. ‘ब्रेन डेड माणसाची किडनी आतून सुजलेली असते, लावून घेऊ नका. डॉक्टर ती सूज एका इंजेक्शनात उतरवू शकतात, पण उतरवत नाहीत. लावलीच असेल तर रोज हळदीचा काढा घ्या.’ आमच्या एक वहिनी आठवड्यातून तीनदा बसनं बेळगावला डायलिसिसला जातात. ‘जीवसार्थकते’, म्हणजे कर्नाटकातलं अवयवदानाचं काम बघणारी सरकारी संस्था, तिच्या किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे. मेसेज वाचून म्हणाल्या, ‘नाव काढूया काय?’ म्हणून हे लिहितोय.

‘सुजलेली असते.’ हो, असते. मेंदू मेला की दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात उसळतात, किडनीतही पोचतात. मग काढलेली किडनी काही तास बर्फात, प्राणवायूविना. नव्या शरीराचं रक्त आत शिरलं की पुन्हा भडका. पण हा दाह म्हणजे पू नव्हे, कुजणं तर नव्हेच. त्यामुळं किडनी उशिरा जागी होऊ शकते, म्हणजे पहिल्या आठवड्यात डायलिसिस चालू ठेवावा लागतो. अशा बहुतेक किडन्या पुढं कामाला लागतात.

‘एका इंजेक्शनात.’ तेही करून झालंय! ऑस्ट्रिया-हंगेरीत ब्रेन डेड दात्यांना किडनी काढायच्या आधीच स्टेरॉइड, म्हणजे दाह उतरवणारं औषध दिलं. २०१०चा निकाल असा, की दाह उतरला, पण किडन्या उशिरा जाग्या होण्याचं प्रमाण काही खाली आलं नाही. उलट अमेरिकेत औषध न देता दात्याचं शरीर ३४-३५ अंशांवर थंड ठेवलं, तर ते प्रमाण ३९ टक्क्यांवरून २८वर आलं (२०१५). युरोपात एकाच दात्याची एक किडनी बर्फात आणि दुसरी थंड द्रव फिरवणाऱ्या मशीनवर ठेवून पाहिली. बर्फातल्या २६.५ टक्के उशिरा जागल्या, मशीनवरच्या २०.८. फायदा आहे, जादू नाही. कोमट रक्त फिरवणाऱ्या मशीनचा तर खूप गाजावाजा होता. ब्रिटनच्या २०२३च्या चाचणीत तासभर तसं फिरवून फरक पडला नाही.

घरातल्या जिवंत माणसानं दिलेली किडनी सरासरी चांगली चालते, हे मात्र कबूल. पण वहिनींच्या घरात कुणाचीच जुळली नाही.

राहिला काढा.  ज्याला किडनी लावली तो टॅक्रोलिमसवर असतो, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीवर. काढ्यांनी त्या गोळीची रक्तातली पातळी बिघडू शकते, ती फार चढली तर नव्या किडनीलाच इजा. वहिनींना म्हटलं, नाव राहू द्या, काढ्याचं आधी डॉक्टरांना विचारा.