ओकांच्या दारी

लंडनला आलेल्या आई-बाबांना तिसऱ्या आठवड्यात काय दाखवायचं, हा फार कठीण प्रश्न असतो. राजवाडा झाला, घड्याळ झालं, सेल दोनदा झाला. मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, डेव्हनमध्ये डार्टमूरवर ओकचं पुरातन रान आहे, विस्टमन्स वुड. नदीकाठानं चालत जायचं.

"ओक म्हणजे आपले सदाशिव पेठेतले?" बाबांनी विचारलं. हा विनोद त्यांनी चार तासांच्या प्रवासात पाच वेळा केला. डेव्हनच्या बोळवजा रस्त्यांवर नातू गाडीतच ओकला, तेव्हा तर त्या विनोदाला नवी पालवी फुटली.

टू ब्रिजेसला गाडी लावली. तिथून वेस्ट डार्ट नदीच्या बाजूनं जेमतेम 2 किलोमीटर. 'जेमतेम' हा माझा शब्द. वाटेत आईनं तो मला तीनदा परत केला. पाऊस पडत नव्हता, हवेत नुसता उभा होता. बाबांचा बूट चिखलात राहिला आणि पाय पुढे गेला. आई वाईची. तिच्या लेखी नदी म्हणजे घाट आणि घाटावर ढोल्या गणपती. इथे घाटाच्या जागी मेंढ्या.

पोचलो तर विनंती अशी, की शेवाळ तुडवलं जातं, तेव्हा आत शिरू नका, कडेनंच बघा.

"म्हणजे मुखदर्शन," आई म्हणाली. "पंढरपूरला निदान पदस्पर्शाची वेगळी रांग असते."

झाडंही बुटकी, वाकडी, संधिवात झाल्यासारखी. मी सरसावलो. सुमारे 400 मीटर उंचीवरचा वारा त्यांना वाढू देत नाही, शिळांच्या फटींत रुजली म्हणून रोपटी मेंढ्यांच्या तोंडून वाचली, 1964 पासून रान संरक्षित आहे...

"देवराई म्हण की सरळ," बाबा म्हणाले. रात्रभर जागून केलेली माझी तयारी एका शब्दात आटोपली.

तेवढ्यात आई ओरडली, "अरे, दगडफूल!"

फांद्या खरंच लगडल्या होत्या. दगडफुलाचे भाऊबंद असतील, पण मसाल्याचे नव्हेत, हे तिला कोण सांगणार? गेल्याच आठवड्यात गोड्या मसाल्यासाठी तिनं चिमूटभर पुडीचे दीड पौंड मोजले होते.

"मूठभर घेतलं तर काय रान ओस पडणार आहे?"

"देवराईतली काडीसुद्धा घरी नेत नाहीत," बाबांनी बजावलं. मला त्यांचा एवढा आधार दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच वाटला. आई मात्र पंधरा मिनिटं जागची हलली नाही. निघतानाही मागे वळून बघत होती, लग्नातल्या पंगतीतून जिलबी न वाढताच उठवल्यासारखी.

रात्री मावशीचा फोन आला.

"अगं, ओकांकडे गेलो होतो," आई सांगत होती. "चार तास गाडीनं, वर चिखल तुडवत. पण दारातूनच परत पाठवलं. हे म्हणतात तेच खरं, पेठेतलेच असणार!"