शंभर प्रश्नांचं पारायण

ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली आणि वर आणखी तीन उलटली तरी मी अमेरिकेच्या सिटिझनशिपचा फॉर्म भरत नव्हतो. कोणी विचारलं की "अरे, आपला निळा पासपोर्ट सोडवत नाही" वगैरे बोलायचो, ते खोटं नव्हतं पण खरं कारण परीक्षा. शाळेत इतिहासात सनावळ्यांनी माझा जो छळ केला तो मी अजून विसरलेलो नाही, आणि आता पंचेचाळिशीत कोणीतरी समोर बसवून तोंडी घेणार, तीही परक्या इतिहासाची! बायकोने तिची परीक्षा आदल्या वर्षीच उरकली होती आणि इलेक्शनच्या दिवशी "व्होटिंग करून आले" चा स्टिकर ती दोन दिवस काढत नव्हती, मला दिसेल अशा ठिकाणी लावून फिरत होती.

शेवटी भरला एकदाचा एन-४००. तो फॉर्म म्हणजे वेगळाच प्रकार आहे. पाच वर्षांत देशाबाहेर कधी कधी गेलात ते तारखांसकट लिहा, त्यात नायगऱ्याला कॅनडाच्या बाजूने धबधबा चांगला दिसतो म्हणून दोन रात्री राहिलो होतो ते पण आलं. मग तुम्ही सवयीचे दारुडे आहात का, कम्युनिस्ट पार्टीत होतात का, आणि २३ मार्च १९३३ ते ८ मे १९४५ या काळात नाझी सरकारसाठी काम केलंत का. माझा जन्म ७४ चा. आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती, तिला मी हे वाचून दाखवलं तर ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "तेव्हा तुझे आजोबा वाईला कारकून होते, त्यांचं लिहायचं असतं का रे?"

अभ्यासाला शंभर प्रश्न. त्यातले दहा विचारतात, सहा आले की पास. (हे माझ्या वेळचं. आता १२८ प्रश्न केलेत, त्यातले २० विचारतात आणि १२ यावे लागतात, म्हणजे मी उशीर केला तरी वेळेत सुटलो म्हणायचं.) आमची कन्या पाचवीत, तिने प्रश्नांची कार्डं छापून आणली आणि रोज रात्री जेवणानंतर माझी तोंडी सुरू. मास्तरीण इतकी कडक की "हाउसमध्ये किती मेंबर?" (हाउस म्हणजे इथली लोकसभा) ला मी "सव्वाचारशे-साडेचारशे" म्हटलं तर म्हणे, "बाबा, चारशे पस्तीस! भाजी घेतोयस का?"

माझ्या डोक्यात काही शिरेना. घटना १७८७, दुरुस्त्या २७, सिनेटर १०० आणि मुदत सहा वर्षं, सगळं एकमेकांत कालवून त्याचा काला व्हायचा. मग एका रात्री अचानक मार्ग सापडला. मला सनावळ्या येत नाहीत असं मी आयुष्यभर समजत होतो, पण पेशवाईच्या येतात! त्या मास्तरांनी छडीने बसवल्यात, त्या जाणार नाहीत. मग म्हटलं त्याच खुंट्यांवर हे लोक टांगू. १७७६ चं स्वातंत्र्याचं डिक्लरेशन म्हणजे पुरंदरचा तह, तो दुसरा, बारभाईंच्या वेळचा. जुलैत तिकडे फिलाडेल्फियात हे लोक ते मंजूर करत होते तेव्हा इकडे सवाई माधवराव दोन वर्षांचे. १७८१ ला यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शस्त्रं खाली ठेवली, पुढच्या वर्षी आपला सालबाईचा तह. आणि गंमत बघा, हाच कॉर्नवॉलिस तिकडे हरल्यावर १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, टिपूवर गेला तेव्हा आपलं सैन्य त्याच्या बाजूने होतं, आणि शेवटी १८०५ ला गाझीपूरला मेला, तिथे त्याची कबर आहे. एका प्रोजेक्टवर आपटलेल्या मॅनेजरला दुसऱ्या देशात प्रमोशन देऊन पाठवायची पद्धत किती जुनी आहे ते मला तेव्हा कळलं.

सगळ्यात पक्की खुंटी १८०३ ची. त्या वर्षी अमेरिकेने फ्रान्सकडून लुईझियाना विकत घेतला, आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला जालन्याकडे असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांना हरवलं. १८०३, असई, लुईझियाना. असई, लुईझियाना. अंघोळ करताना पण हेच, बायको म्हणाली दार बंद करून जप कर.

राष्ट्राध्यक्षांचं मात्र पेशव्यांसारखं सरळ नाही. आपल्याकडे दोन बाजीराव, पहिला आणि दुसरा, विषय संपला. इथे दोन अ‍ॅडम्स ते बापलेक, दोन हॅरिसन ते आजोबा-नातू (त्यातले आजोबा शपथ घेतल्यावर महिन्याभरात गेले), दोन रूझवेल्ट लांबचे भाऊ, आणि दोन जॉन्सन ज्यांचं एकमेकांशी काही नातं नाही पण दोघेही वरच्याचा खून झाला म्हणून खुर्चीवर आले, एक लिंकननंतर आणि एक केनेडीनंतर. क्लीव्हलंड तर बाविसावा पण तोच आणि चोविसावा पण तोच, दुसऱ्या बाजीरावासारखा गादीवरून जाऊन परत आलेला. हे सगळं मी दोन रविवार घालवून पाठ केलं आणि मग कन्येने शांतपणे सांगितलं की यातलं काहीही शंभरात नाहीये. लिंकनचं हेडमास्तरांना पत्र पण नाही. ते आमच्या शाळेत ऑफिसबाहेर फ्रेम करून लावलेलं होतं, निदान तिथे तरी मला मार्क मिळतील असं वाटलं होतं, तर तिने शोधून सांगितलं की ते लिंकनने लिहिल्याचा कुठे पुरावाच नाही. आईला हे अजिबात आवडलं नाही. "तुम्हा लोकांना काहीच ठेवायचं नाही," म्हणाली.

आणि इथेच दुसरी गोष्ट घडली. ही माझी रोजची तोंडी आई ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. एक दिवस कन्येने विचारलं, बेंजामिन फ्रँकलिन कशासाठी प्रसिद्ध? मी म्हटलं राष्ट्राध्यक्ष होता, शंभराच्या नोटेवर फोटो आहे त्याचा. स्वयंपाकघरातून आवाज आला, "नाही रे. पोस्टातला तो. पहिला पोस्टमास्तर जनरल."

आमचे वडील ३४ वर्षं पोस्टात. आईला शंभरातला हा एकच माणूस खऱ्या अर्थाने आवडला आणि त्याच्या नादाने बाकीचे नव्व्याण्णव पण तिने उचलले. व्हिजिटर व्हिसावरची बाई! पोळ्या लाटता लाटता सुझन अँथनी बायकांच्या हक्कांसाठी लढली हे सांगायची, मिसुरी-मिसिसिपी कृष्णा-कोयनेसारखं एका दमात म्हणायची, आणि मी अडलो की हळूच लाटणं दोनदा आपटायची, म्हणजे उत्तर "दोन". बायको म्हणाली मुलाखतीला यांनाच पाठवू.

मुलाखतीच्या दिवशी टाय लावून पावणेदोन तास बसलो होतो. ऑफिसर बाई साठीच्या आसपासच्या, चेहऱ्यावर काहीही नाही. आधी फॉर्म. नाझी नाही, दारुडा नाही, नायगरा हो. मग एक वाक्य वाचायला, एक लिहायला, त्यात वॉशिंग्टनचं स्पेलिंग लिहिताना माझा हात थरथरला, तरी जमलं. मग प्रश्न. सिनेटर किती? शंभर. पूर्व किनाऱ्याला कुठला महासागर? हा प्रश्न आहे की सापळा असं वाटून मी उगाच पाच सेकंद थांबलो, मग अटलांटिक. पहिल्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष कोण? विल्सन. झेंड्यावर तेरा पट्टे का? सुरुवातीच्या तेरा वसाहती.

मग बाई म्हणाल्या, १८०३ साली फ्रान्सकडून कोणता प्रदेश विकत घेतला?

आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त असई. धुरळा, तोफा, नदी ओलांडणारा वेलस्ली, जालना एसटी स्टँड, सगळं दिसतंय आणि खुंटीवर टांगलेलं ते दुसरं काही केल्या हाताला लागेना. तोंडातून निघालंच, "असई..."

बाईंना ते "आय से" ऐकू आलं. पेन थांबवून, मान किंचित पुढे करून त्या म्हणाल्या, "येस? यू से?"

"लुईझियाना!" मी जवळजवळ ओरडलो.

सहावा प्रश्न सरकारची एक शाखा कुठली, तो कसा सुटला ते मला आठवत पण नाही. बाईंनी कार्ड बाजूला ठेवलं, झालं म्हणाल्या. सहापैकी सहा बरोबर आल्यावर पुढचे चार विचारतच नसत. तीन महिने पारायण आणि दोन मिनिटांत आरती.

घरी आलो तर दारातच आई. पास झालो सांगितलं, तिने आधी देवापुढे साखर ठेवली, मग एकेक प्रश्न आठवून आठवून सांगायला लावला. सहाही ऐकून घेतले. मग जरा वेळ थांबून म्हणाली, "फ्रँकलिनचं नाही विचारलं?"

"नाही ना."

"वाटलंच मला," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. "पोस्टातल्या माणसाची कोण चौकशी करतो."