रेगेने रॅपची नक्कल केली, हा दावा तारखांपुढे टिकत नाही

लॅपटॉपवर ताल जुळवून गाणी करणाऱ्या माझ्या भाच्याने परवा एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, हे बघ, परवानगीची भानगडच मिटली." तरुण संगीतकारांच्या गटांत हा व्हिडिओ सध्या जोरात फिरतो आहे. त्यात चार गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या आहेत: जमैकाच्या गायकांनी तालावर बोलण्याची कला अमेरिकी रॅपवरून उचलली; रीमिक्सचा शोध न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये लागला; जमैकन कलावंत एकमेकांचेच ताल वापरतात, त्यामुळे त्यांच्या तबकड्यांतले तुकडे कोणीही फुकट घ्यावेत; आणि गायक बॉब मार्लीबरोबर जमैकाचा रेगे हा संगीतप्रकार संपला.

पहिल्या दाव्याला नुसत्या तारखा पुरेशा आहेत. रॅप ज्यात वाढला त्या हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून व्हिडिओतच ११ ऑगस्ट १९७३, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका पार्टीचा दिवस, सांगितला आहे आणि रॅपला जगभर नेणारे 'रॅपर्स डिलाइट' १९७९ मध्ये आले. जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या यू-रॉयने 'वेक द टाउन' १९७० मध्ये ध्वनिमुद्रित केले. आल्टन एलिस या गायकाच्या आधीच गाजलेल्या गाण्याचा ताल घेऊन त्यावर तो बोलला आणि ती तबकडी जमैकात पहिल्या क्रमांकावर गेली. शिवाय ब्राँक्समधली १९७३ ची ती पार्टी ज्याने वाजवली, तो कूल हर्क किंग्स्टनमध्ये जन्मलेला आणि १९६७ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, न्यूयॉर्कला आलेला मुलगा होता. तीन वर्षांनंतर जन्मलेल्या गोष्टीची नक्कल आधी कशी करता येते, हे व्हिडिओ करणाऱ्यांनीच सांगावे.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागते. जमैकन टोस्टिंगशी, म्हणजे तालावर बोलण्याच्या कलेशी, रॅपचा संबंध नाही, ब्राँक्समध्ये रेगे चालतच नव्हते, असे हर्कनेच मुलाखतीत सांगितले आहे. तो वाजवत होता अमेरिकी गायक जेम्स ब्राउनची गाणी. जमैकाच्या साउंड सिस्टिमवर, म्हणजे रस्त्यावर मोठे स्पीकर लावून तबकड्या वाजवणाऱ्या गटांत, माइक धरणाऱ्या पहिल्या मंडळींनीही १९५० च्या दशकातल्या अमेरिकी रेडिओ निवेदकांची बोलण्याची लकब उचलली होती. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. पण अजस्र स्पीकर लावून मोहल्ला गोळा करण्याची आणि गाण्याच्या तालावर माइकवरून लोकांना नाचते ठेवण्याची रीत हर्कने लहानपणी किंग्स्टनमध्येच पाहिली होती.

रीमिक्सचे श्रेय पूर्णपणे डिस्कोला देणे हे अज्ञान आहे. डिस्कोसाठी गाणी लांबवणारे टॉम मोल्टन आणि वॉल्टर गिबन्स यांचे काम मोठे आहे यात वाद नाही. गिबन्सने लांबवलेल्या गाण्याची बारा इंची तबकडी १९७६ मध्ये दुकानात आली. पण तोपर्यंत किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात किंग टबी हा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ काही वर्षे हेच करत होता. चार ट्रॅकच्या जुन्या मिक्सरवर तो गाणाऱ्याचा आवाज एकदम काढून टाकी, ड्रम आणि बास उघडे ठेवी, मग एखादाच शब्द प्रतिध्वनीत सोडून देई आणि फिल्टरची मूठ फिरवून अख्खा ताल पातळ करत नेई. एकाच ध्वनिमुद्रणातून तो दर वेळी नवे गाणे काढत असे. येल विद्यापीठाचे संगीत-अभ्यासक मायकेल व्हील यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात डबचा, म्हणजे ध्वनिमुद्रण असे मोडूनतोडून नवे करण्याच्या या पद्धतीचा, इतिहास तपशीलवार मांडला असून आजच्या रीमिक्स संस्कृतीशी त्याचे नाते दाखवले आहे. व्हिडिओ करणाऱ्यांनी त्याची पाने चाळली असती, तरी हा दावा करण्याचे धाडस झाले नसते.

आता फुकटेगिरीचा मुद्दा. एका तालावर, म्हणजे रिडिमवर, डझनावारी गाणी होतात हे खरे आहे. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा १९९३ मध्ये आला. त्याआधी १९११ चा ब्रिटिश कायदाच चालू होता आणि निर्माते त्याची फारशी फिकीर करत नसत. पण त्या मोकळिकीची किंमत कोणी मोजली, हे जमैकन गायिका सिस्टर नॅन्सीच्या 'बॅम बॅम'वरून दिसते. १९८२ च्या या गाण्याखाली १९७३ चा 'स्टॅलाग' रिडिम आहे आणि त्याचे ध्रुवपद त्याहून जुने, मेटल्स या जमैकन गटाच्या १९६६ च्या गाण्यातले आहे. नॅन्सीने घेतले, तसे इतरांनी तिच्याकडून घेतले. फरक असा, की पुढे तिचा आवाज चित्रपटात आणि जाहिरातीत वाजला, त्या वेळी ती न्यू जर्सीत बँकेत नोकरी करत होती. तीसहून अधिक वर्षे या गाण्याचे मानधन मिळाले नाही, असे तिने सांगितले आहे. २०१४ मध्ये टीव्हीवरच्या एका बुटांच्या जाहिरातीत स्वतःचे गाणे ऐकल्यावर ती वकिलाकडे गेली आणि तेव्हा कुठे तिला तिचा वाटा मिळू लागला. गल्लीतल्या दोन साउंड सिस्टिमनी एकमेकांचा ताल उचलणे आणि कोट्यवधींचा धंदा करणाऱ्यांनी एका बाईचा आवाज विनामोबदला वापरणे, यांना एका मापाने मोजणे हा अन्याय आहे. भाच्याने तोडून घेतलेल्या तुकड्याचेही तेच आहे: त्या ध्वनिमुद्रणाला मालक आहे, त्याची परवानगी लागते आणि गाणाऱ्याचे नाव लिहावे लागते.

मार्लीबरोबर रेगे संपला, हा दावा लांबवण्याच्या लायकीचा नाही. मार्ली १९८१ मध्ये गेला; १९८५ मध्ये निर्माता प्रिन्स जॅमी आणि गायक वेन स्मिथ यांनी कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या तयार तालावर 'स्लेंग टेंग' करून जमैकाचे संगीत संगणकयुगात नेले, आणि १९८७ मध्ये ब्राँक्सचा रॅपर केआरएस-वन जमैकन गायक सुपर कॅटच्या गाण्यातली बासची चाल घेऊन जमैकन ढंगात रॅप करत होता.