हीटर बंद करून टाका म्हणणाऱ्या मेसेजला वायरमनचं उत्तर

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गाडीच्या एसी-हीटरबद्दलचा एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला सात-आठ गिऱ्हाइकांनी पाठवला आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "खरं आहे का हो हे?" मेसेजात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. मुंबई-ठाण्यात हीटर लागत नाही, त्याचा नॉब बिघडला तर इंजिनचं गरम पाणी हीटरला नेणारे पाइप बायपास करून, म्हणजे हीटरला वगळून, मोकळे व्हा. हवा थंड येईना म्हणजे गॅस संपला, तो दर उन्हाळ्यात भरायचाच असतो. पंखा फक्त चार नंबरवर चालत असेल तर ब्लोअरची मोटर गेली. डॅशबोर्डमधून टकटक येत असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तेव्हा तिकडे लक्षच देऊ नका. आणि काचेवर वाफ धरली की एसी सगळ्यात थंड करून काचेवर सोडा.

मी वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग आणि एसी करतोय. या पाचांतली एकही गोष्ट लिहिलीय तशी खरी नाही. पहिली आणि शेवटची तर एखाद्याच्या जिवावर बेतेल. म्हणून सविस्तर लिहितो.

पंख्यापासून सुरुवात करतो, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे तिथे वाया जातात. गेल्या जुलैत कासारवडवलीहून एक ताई आल्या. नर्स आहेत, रात्रपाळी करून घोडबंदर रोडने घरी जातात. म्हणाल्या, "दादा, एका गॅरेजवाल्याने मोटर बदलायला सांगितलीय. पंखा एक, दोन, तीनवर चालतच नाही, चारवर मात्र वादळासारखा सुटतो. तुम्ही एकदा बघा." मी म्हटलं, "ताई, चारवर जोरात चालतोय ना, मग मोटर जिवंत आहे."

कारण साधं आहे. मोटर एकच असते. एक ते तीनवर तिला जाणारा करंट एका रेझिस्टरमधून जातो, तो करंट अडवतो म्हणून पंखा हळू फिरतो. चारवर रेझिस्टर मधे येतच नाही, मोटरला थेट बॅटरीचा करंट मिळतो. म्हणजे फक्त चार चालतो याचा अर्थ मोटर, फ्यूज, रिले ठीक, आणि रेझिस्टर उडालेला. चारांतला एखादाच मधला नंबर गेला असेल, तर रेझिस्टरची एक कॉइल तुटलीय किंवा नॉबमागच्या स्विचचा एक कॉन्टॅक्ट जळलाय.

ग्लोव्ह बॉक्स उतरवला. रेझिस्टर तिथेच असतो, ब्लोअरच्या वाऱ्यात, कारण तो तापतो आणि त्याला गार करायला वारा लागतो. दोन स्क्रू काढले. त्याच्यावरचा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापला की तुटणारा फ्यूज, तुटलेला, आणि कपलरची (वायर जोडायच्या सॉकेटची) एक पिन तपकिरी होऊन तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं. इथे बरेच जण नवा रेझिस्टर लावतात आणि गाडी सोडतात. चार महिन्यांनी तो पुन्हा जळतो. रेझिस्टर स्वतःहून क्वचितच जातो, त्याला कुणीतरी जाळलेलं असतं. मी मोटर खाली घेतली. पंख्याच्या पात्यांमध्ये गुलमोहराची बारीक पानं भिजून, घट्ट बसून काळी पडली होती. ताईंची गाडी सोसायटीच्या गुलमोहराखाली उभी असते. पुढच्या काचेखालच्या जाळीतून ती पानं आत उतरतात. ओल्या पानांनी मोटर जड होते आणि जास्त करंट ओढते, शिवाय वारा कमी झाल्याने रेझिस्टर गार होत नाही. दोन्हीकडून मार. पानं काढली, कपलर बदलला, काही शे रुपयांचा रेझिस्टर लावला. गाडी आजही तशीच चालतेय.

चारही नंबर बंद असतील तर आधी फ्यूज, मग रिले, मग अर्थिंग तपासायचं. हे सगळं ठीक असेल तर पंखा चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या अंगावर हलकेच ठोका. दचकून चालू झाली तर तिचे कार्बन ब्रश झिजलेत, आणि तेव्हाच मोटरचा विचार करा. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत मात्र असा रेझिस्टर नसतो, तिथे वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि ते बिघडलं की पंखा सगळाच बंद पडतो किंवा पूर्ण वेगानेच फिरत राहतो.

आता गॅस. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. रबरी पाइप आणि कॉम्प्रेसरचं सील यांतून थोडासा झिरपतो हे खरं, पण त्याला बरीच वर्षं लागतात. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस घालणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं. शिवाय गॅस अंदाजाने नाही, वजनाने भरतात. किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरला तर दाब वाढतो आणि हवा उलट कमी गार होते. गळून गेलेला आर-१३४ए हा एसीचा गॅस हवेत जातो, आणि तापमानवाढीच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट भारी धरला जातो.

गॅस भरायच्या आधी प्रत्येकाने करावी अशी एक हाताची परीक्षा सांगतो. इंजिन चालू, एसी चालू, दहा मिनिटं थांबा. बॉनेट उघडा आणि पट्टे-पंख्यांपासून हात लांब ठेवून एसीच्या दोन नळ्या चाचपा. जाड नळी बर्फासारखी गार असेल आणि तिच्यावर घाम आला असेल, तर गॅस आपलं काम करतोय. तरीही आत हवा कोमट येत असेल तर गार हवेत गरम हवा मिसळतेय, म्हणजे बिघाड तापमानाच्या फ्लॅपमध्ये आहे. अशा कित्येक गाड्यांत मी वर्षभरात दोनदा गॅस भरलेला पाहिलाय, आणि दोष निघाला एका निसटलेल्या क्लिपचा.

तो फ्लॅप म्हणजे डॅशबोर्डच्या आतलं एक छोटं दार. नॉब फिरवला की ते सरकतं आणि हवा गरम हीटर कॉइलवरून जाऊ देतं किंवा अडवतं. जुन्या, साध्या गाड्यांत ते केबलने ओढलं जातं. नॉब एकदम सैल फिरायला लागला तर केबल क्लिपमधून सुटलीय, जड झाला तर केबल गंजलीय किंवा वाकलीय. नव्या गाड्यांत केबलऐवजी छोटी गिअरवाली मोटर असते. तिच्या प्लॅस्टिक गिअरचे दात झिजले की चावी फिरवल्यावर किंवा तापमान बदलल्यावर काही सेकंद टकटक येते. ही मोटर बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या पायाजवळून किंवा ग्लोव्ह बॉक्स काढून हाताला लागते. काही मॉडेलांत खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ते मी नाकारत नाही. पण आधी बघा तर, कुठली मोटर वाजतेय! दुर्लक्ष केलं तर फ्लॅप एका जागी अडकतो, आणि तो नेमका कुठे अडकेल हे आपल्या हातात नसतं.

काचेचं सांगताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात, रात्री, पाऊस कोसळत असताना समोरची काच पांढरी होणं म्हणजे काय हे ज्याने अनुभवलंय त्याला समजावायला नको. वाफ दोन बाजूंनी धरते. आधी काचेवर आतून बोट फिरवा. बोटाची रेघ उमटली तर वाफ आतली आहे, आपल्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची. त्याला एसी हवाच, कारण एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि गाडीखाली गळून जातं. त्यासोबत बाहेरची हवा आत घ्या आणि तापमानाचा नॉब कोमटकडे न्या. एसीने कोरडी केलेली हवा किंचित गरम झाली की ती काचेवरचं पाणी झपाट्याने उचलते.

बोट फिरवून काही झालं नाही, तर वाफ बाहेरून आहे. हे आपल्याकडच्या पावसाळ्यात सर्रास होतं. जुलैत इथली हवा इतकी दमट असते की साधारण २५ अंशांपेक्षा गार झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. तुम्ही एसी सगळ्यात थंड करून काचेवर सोडला की काच त्याखाली जाते आणि बाहेरून पांढरी होते. म्हणजे मेसेजवाल्याचा उपाय हाच रोग. अशा वेळी वायपर मारा, नॉब गरमकडे फिरवा, वाऱ्याचं तोंड काचेवरून काढा.

आणि म्हणूनच ठाण्यात हीटर लागत नाही हे वाक्य चुकीचं आहे. थंडीत निफाडला पारा दहाच्या खाली जातो, पावसात माळशेजला ढग रस्त्यावर उतरतात, ते राहूद्या. रोजच्या पावसात काच स्वच्छ ठेवायला तीच कोमट हवा लागते. चढावर इंजिनचा काटा तापू लागला आणि थांबायला जागा नसेल, तर हीटर पूर्ण गरम आणि पंखा चारवर टाकला की इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते आणि बाजूला घेईपर्यंत वेळ मिळतो. नॉब अडकला म्हणून हे सगळं गमवायचं?

बायपास फक्त एकाच वेळी योग्य, हीटर कॉइल गळत असेल तेव्हा. खुणा ओळखा. शेजारच्या सीटखालचं मॅट ओलं होतं, पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असतं, काचेवर तेलकट थर बसतो. मॅटवर साधं, बिनवासाचं पाणी असेल तर एसीचं पाणी गाडीखाली सोडणारी नळी तुंबलीय, ती फुंकून साफ होते. कॉइल खरंच गळत असेल तर नवी बसेपर्यंत दोन पाइप एकमेकांना जोडून गाडी चालवा. एखादा पाइप बोल्ट ठोकून बंद मात्र करू नका, काही इंजिनांत कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, फिरण्याचा मार्ग त्यातूनच जातो.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच बायपास केलाय, त्यांनी इंजिन पूर्ण गार असताना पाइप मूळ जागी लावून घ्या, कूलंट भरा, नॉब पूर्ण गरमवर ठेवून कूलंटचं झाकण उघडंच ठेवून इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. बुडबुडे थांबले की पातळी भरून झाकण लावा. मग दोन्ही हीटर पाइप हाताला सारखे गरम लागतायत का बघा. एकच गरम असेल तर हवा अजून अडकलीय किंवा कॉइल तुंबलीय. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा तपासा, आणि एकदा लावलेलं झाकण गरम इंजिनवर कधीही उघडू नका.