आरशासमोर जबडा पुढे काढून ॲप्नियाच्या उपकरणाचं भाकीत होत नाही

"खालचा जबडा पुढे काढा आणि घोरल्यासारखा आवाज काढून बघा. आवाज निघाला नाही, तर तोंडात घालायचं उपकरण तुम्हाला शंभर टक्के लागू पडणार." स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडण्याचा आजार. त्याच्या रुग्णांमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्ये हा सल्ला हातोहात पुढे जातो. त्याच्या मागोमाग आणखी चार गोष्टी येतात. एक्स-रे बघून डेंटिस्ट नक्की सांगतात. खात्री नसेल तर आधी गरम पाण्यात मऊ करून चावायचं स्वस्तातलं माउथपीस घालून बघा. आजार तीव्र असेल तर या वाटेला जाऊच नका. आणि घोरणं थांबलं की पुन्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी, करायची गरज नाही. प्रत्येकात सत्याचा अंश आहे, म्हणून ती पटतात. पण या भरवशावर कुणी सीपॅप मशीन (मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) कपाटात टाकतं, तर कुणी उपयोगी पडलं असतं असं उपकरण करूनच घेत नाही. दोन्हीकडे त्रास रुग्णाला होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते "शंभर टक्के". ॲप्नियाची तीव्रता एएचआय या आकड्यात मोजतात, म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण दातांच्या मापाने नीट बनवलं आणि टप्प्याटप्प्याने पुढे सरकवलं, तर साधारण एक तृतीयांश रुग्णांचा एएचआय ५ च्या खाली येतो. आणखी एक तृतीयांशांचा निम्म्याहून कमी होतो, पण ५ च्या वरच राहतो. उरलेल्यांना म्हणण्यासारखा फरक पडत नाही. आपण यातल्या कुठल्या गटात असू, हे उपकरण करण्याआधी कळावं म्हणून संशोधक कित्येक वर्षं झटत आहेत. आरशासमोरच्या दोन मिनिटांत ते कळलं असतं, तर एवढा खटाटोप लागलाच नसता.

ते कळत का नाही, याचं कारण आजारातच आहे. जागेपणी जिभेचे स्नायू ताणलेले असतात. ॲप्नियाच्या रुग्णात तर ते निरोगी माणसापेक्षा जास्तच काम करत असतात, कारण अरुंद घसा उघडा ठेवायचा असतो. झोप लागली की हा ताण उतरतो आणि मग घसा मिटतो. म्हणजे आरशासमोर आपण ज्या घशाची परीक्षा घेतो, तो रात्री मिटणारा घसा नव्हेच. शिवाय मुद्दाम काढलेला घोरण्याचा आवाज टाळूचा मऊ भाग थरथरवून निघतो. झोपेत अडथळा तिथेच असेल असं नाही. तो जिभेच्या मुळाशी असू शकतो, घशाच्या बाजूच्या भिंतींत असू शकतो, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणीही असू शकतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. अरुंद घसा हे ॲप्नियाचं एकमेव कारण नाही. कुणाच्या मेंदूचं श्वासावरचं नियंत्रण फाजील संवेदनशील असतं. कार्बन डायऑक्साइड जरा वाढला की श्वास जोरात चालतो, त्यामुळे तो वायू प्रमाणाबाहेर कमी होतो, मग श्वास मंदावतो, आणि हे चक्र रात्रभर चालू राहतं. कुणाची झोप इतकी सावध असते की बारीकशा अडथळ्यानेही ती मोडते. कुणाचे घशाचे स्नायू झोपेत हाकेला ओ देत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यातला प्रत्येक दोष साधारण तिघांत एका रुग्णात सापडला. जबडा पुढे आणल्याने घसा मिटण्याची प्रवृत्ती कमी होते. श्वासाचं ते बिघडलेलं नियंत्रण आहे तसंच राहतं. म्हणून ज्यांच्यात ते नियंत्रण स्थिर आहे आणि घसा फार ढिला नाही, त्यांना उपकरण चांगलं लागू पडतं, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. यातलं काहीही आरशात दिसणार नाही.

जबडा पुढे काढून बघण्याचा एक उपयोग मात्र खरा आहे. तो किती मिलिमीटर पुढे येतो, येताना सांधा दुखतो का, हे डेंटिस्टला मोजावंच लागतं. जबडा जेमतेम सरकत असेल किंवा उपकरण धरायला पुरेसे पक्के दात नसतील, तर प्रश्न तिथेच संपतो. पण जबडा सरकतो म्हणून श्वास सुधारेल, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

खरी चाचणी झोपेतच घ्यावी लागते. त्यातली एक पद्धत अशी: रुग्णाच्या वरच्या आणि खालच्या दातांवर तात्पुरते साचे बसवतात आणि त्यांना एक छोटी मोटर जोडतात. रुग्ण स्लीप लॅबमध्ये झोपतो. तंत्रज्ञ बाहेर पडद्यावर श्वासाची रेषा बघत असतो. रेषा सपाट झाली की तो दुरून जबडा किंचित पुढे सरकवतो, पुन्हा वाट बघतो, पुन्हा सरकवतो. सकाळपर्यंत कळतं की श्वास मोकळा करणारी जागा सापडली की नाही, आणि सापडली तर ती कुठे आहे. या पद्धतीच्या ६७ रुग्णांवरच्या अभ्यासात "लागू पडेल" हे भाकीत ९४ टक्के वेळा खरं ठरलं आणि "पडणार नाही" हे ८३ टक्के वेळा. एवढी मेहनत घेऊनही दुसरा आकडा ८३ वर थांबतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. औषधाने झोप आणून दुर्बिणीतून घसा बघणं हाही एक मार्ग आहे. जिभेच्या मुळाशी घसा मिटत असेल तर आशा जास्त. टाळूच्या पातळीवर तो चारी बाजूंनी गोल आवळला जात असेल तर कमी.

आता एक्स-रे. बाजूने काढलेल्या कवटीच्या चित्रात जबडा मागे आहे का, टाळू लांब आहे का, हे दिसतं, आणि या मोजमापांचा उपकरणाच्या यशाशी थोडाफार संबंधही आढळला आहे. पण तो संबंध कच्चा आहे, एका अभ्यासात दिसतो आणि दुसऱ्यात हरवतो. यात नवल नाही. एमआरआयवर पाहिलं तर जबडा पुढे आणल्यावर घसा रुंदावतो तो मुख्यतः टाळूच्या मागे, आणि तोही डावी-उजवीकडे. बाजूने काढलेल्या चित्रात नेमकी हीच रुंदी दिसत नाही. दात आणि हाड तपासायला एक्स-रे हवाच. त्यावरून यशाची हमी देऊ नये आणि घेऊ नये.

त्यापेक्षा हातातला स्लीप स्टडीचा रिपोर्ट नीट वाचा. समजा एकूण एएचआय २४ आहे. खालच्या रकान्यात पाठीवर झोपल्यावर ४०, कुशीवर ८ असं असेल, तर अडथळा पाठीवर झोपण्याशी बांधलेला आहे, आणि अशांना उपकरणाचा फायदा होण्याची शक्यता जास्त असते. कमी वय, कमी वजन, बारीक मान, स्त्री असणं, मुळात कमी एएचआय, या गोष्टीही पारडं त्याच बाजूला झुकवतात. पण झुकवतात एवढंच.

स्वस्त माउथपीस आधी घालून बघण्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. २००८ साली दोन्ही प्रकार एकाच रुग्णांवर वापरून तुलना झाली. मापाने बनवलेलं उपकरण सरस ठरलं, आणि स्वस्त प्रकाराच्या अनुभवावरून मापाच्या उपकरणाचं भाकीत करता येत नाही, हेही दिसलं. तो प्रयोग फसला म्हणून वाट सोडू नका.

"तीव्र आजारात उपयोग शून्य" हे तर सरळ चूक आहे. एएचआय खाली आणण्यात सीपॅप वरचढ आहे, आणि तीव्र आजारात पहिला विचार त्याचाच व्हावा, याबद्दल वाद नाही. पण मशीन चालू असेल तेवढाच वेळ काम करतं. २०१३ मध्ये १२६ रुग्णांवर झालेल्या तुलनेत, ज्यांतल्या बहुतेकांचा आजार मध्यम किंवा तीव्र होता, सीपॅपवर एएचआय सरासरी ४.५ आला आणि उपकरणावर ११.१. मात्र सीपॅप रात्री सरासरी ५.२ तास वापरलं गेलं, उपकरण ६.५ तास. महिन्याभरानंतर दिवसाची पेंग आणि जीवनमान यांत उपकरण मागे पडलं नाही. म्हणून मुखवटा सहनच होत नसेल, तर तीव्र आजाराच्या रुग्णानेही उपकरणाबद्दल विचारायलाच हवं. अशा वेळी सीपॅपला किती दाब लागत होता हे डॉक्टरांना सांगा. जास्त दाब लागणाऱ्यांत उपकरण अपयशी ठरण्याची शक्यता वाढते. इथेही एकच रेषा सगळ्यांना लागू नाही: जपानी रुग्णांत ती पाण्याच्या १०.५ सेंटिमीटर दाबाच्या (सीपॅपचा दाब याच एककात मोजतात) आसपास निघाली, ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात १३ च्या.

राहिलं घोरणं. मला सगळ्यात घातक वाटतो तो हा शेवटचा मुद्दा, कारण तो रुग्णाला निश्चिंत करतो. आवाज बंद झाला की शेजारी झोपणाऱ्याला बरं वाटतं, रुग्णालाही वाटतं. पण आवाज निम्म्याहून कमी होऊनही श्वास थांबत राहू शकतो आणि रक्तातला ऑक्सिजन खाली-वर होत राहू शकतो. वर सांगितलेला मधला एक तृतीयांश गट आठवा. त्यातल्या अनेकांना आपण बरे झालो असंच वाटत असतं. अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या आणि या क्षेत्रातल्या दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ मध्ये काढलेल्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांतही, उपकरण घातलेलं असताना पुन्हा झोपेची तपासणी करावी असं आहे. ती पहिल्याच आठवड्यात करून उपयोग नाही. जबडा काही आठवड्यांत हळूहळू पुढे नेऊन उपकरण एका जागी स्थिरावलं, की मग करायची, आणि त्या रात्री काही वेळ पाठीवर झोपलेलं असणंही गरजेचं आहे. पुढे वजन वाढलं, उपकरण सैल झालं किंवा सकाळचा थकवा परतला, तर तपासणी पुन्हा. दातांची ठेवण वर्षागणिक थोडी बदलते, पुढच्या दातांची चावण्याची जागा सरकते. त्यासाठी डेंटिस्टकडच्या फेऱ्या उपकरण तोंडात आहे तोवर चालूच ठेवाव्या लागतात.